दारापर्यंत ऐकू जाणारी पेटी

पिंपळगाव राजाच्या जनकाबाईने उभ्या जन्मात एकच मोठी वस्तू स्वतः दुकानात बसून निवडली, ती म्हणजे पेटी. बाकी सगळं, लुगडी, भांडी, घर आणि नवरासुद्धा, दुसऱ्यांनी निवडून दिलं आणि तिने ते बिनतक्रार वापरलं. नवरा तर चांगलाच निघाला. पेटीही आधी दुसऱ्यांनीच निवडली होती, आणि ती इतकी साफ चुकली की बाईला शेवटी पदर खोचून खामगावला जावं लागलं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गावात वीज यायची होती. ग्रामपंचायतीत बॅटरीवर चालणारा एक रेडिओ आला होता, पण बाजारभाव सांगून झाले की सरपंच कान पिळून तो बंद करायचे. गाण्यात बॅटरी खर्च करणं त्यांना पटत नसे. म्हणजे गाणं ऐकायचं तर कोणीतरी तोंड उघडून म्हटलं पाहिजे. आता घरोघरी डबे गात असतात आणि माणसं गप्प असतात. तेव्हा प्रत्येक घरात एखादं तरी म्हणणारं असायचंच. बरं म्हणो की वाईट, त्याची कोणी परीक्षा घेत नसे.

जनकाबाईचं माहेर संग्रामपूरचं, माळ्याचंच घर. भाऊ उत्तमराव पेटी वाजवायचा आणि ही म्हणायची. ही आधी सुरू करायची, मग तो पट्ट्यांवर बोटं फिरवून हिचा सूर कुठे लागला ते शोधून काढायचा. पेटी अशीच वाजवतात असं तिला वाटे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती पिंपळगावला आली, भाऊ नागपूरला गिरणीत लागला, पेटी विकली गेली. त्यानंतर वीस-एकवीस वर्षं ती नवऱ्याच्या, मोतीरामच्या, मळ्यात गायली. मिरच्या तोडताना, वांग्याला पाणी देताना. तोडणीला आलेल्या बाया तिच्या चालीवर हात चालवत. पलीकडे मोतीराम मोट हाकत असे, आणि त्याचे बैलही तिच्या गाण्यावर पावलं टाकतात असं तो शपथेवर सांगायचा. बैलांना विचारायला कोणी गेलं नाही.

त्या वर्षी मिरची लाल झाली आणि भावही चढला. मोतीराम बाजारातून आला तो पागोटं काढायच्या आतच म्हणाला, “बोल, काय पायजे तुले?”

“पेटी.”

“अवं, पाटल्या करून घे न. पेटी काय अंगावर घालशीन?”

“पाटल्या घालून वांगे तोडू काय? अन् लग्नाकार्याले पाटल्या कोनाच्या मांगून आनता येते. पेटी कोनी देत नाई.”

ज्या गोष्टीवर उत्तर सुचत नसे ती तो मान्य करून टाकी. हा त्याचा मोठा गुण.

खामगावला जायचं ठरलं. बरोबर कोण? इंद्रभान शिंपी, कारण गावात पेटी वाजवणारा तोच एक. आणि भजनी मंडळाचे पंजाबराव, कारण मंडळाची जुनी पेटी केव्हाच मोडली होती, आणि तसेही ते कशातही असतच. जनकाबाईने भाकरी बांधून देताना विचारलं, “मीबी येऊ काय?”

“तू कायले?” मोतीराम हसला. “पेटी पाह्याले जाऊन राह्यलो. पोरगी पाह्याले जातो तवा येजो.”

तीही हसली. तिथेच सगळं चुकलं. ज्याच्या पायात जोडा घालायचा तो पाय घरी ठेवून तिघं जण जोडा आणायला निघाले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. खुद्द तिलाही नाही.

खामगावात कापसाच्या बाजाराच्या मागे माणिकरावांचं दुकान होतं. पेट्या, तबले, टाळ, एकताऱ्या. विकायचंही आणि दुरुस्तीही. माणिकरावांनी पहिला प्रश्न अगदी बरोबर विचारला, “गाणार कोण?” मोतीरामने तोंड उघडलं, पण इंद्रभानने आधी उत्तर दिलं, “आमचं मंडळ.” मोतीरामला वाटलं, जाणकार माणूस बोलतोय, तर बोलू द्यावं.

मग पेटीची परीक्षा सुरू झाली. मोतीरामने जन्मभर चामड्याची मोट शिवली आणि ओढली होती. मोटेला कुठे बारीक भोक आहे हे तो शिवणीवरून ओला तळहात फिरवून सांगत असे. पेटीचा भाता पाहिल्यावर त्याला ही मोटेचीच बहीण वाटली. त्याने हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करायला लावल्या, भाता भरला, आणि शिवणीशी गाल लावून बसला. वारा लागतो का ते तो गालाने पाहत होता. तीन पेट्या त्याने अशा नापास केल्या. माणिकरावांनी भुवया उंचावल्या, कारण तिन्ही पेट्यांतून खरोखरच वारा जात होता.

इंद्रभानने आपल्या सवयीने पांढऱ्या एकवरून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवरून, सुरुवात करून पट्ट्या पाहिल्या. पंजाबराव रस्त्याच्या पलीकडे कापसाच्या गाड्यांमध्ये जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “दाबा आता.” इंद्रभानने दाबली. “याच्यापरीस मोठी दाखवा,” असं ते दोनदा ओरडले. शेवटी दुहेरी सुरांची, प्रत्येक पट्टीला दोन-दोन पितळी जिभल्या असलेली दणदणीत पेटी निघाली. तिचा आवाज पंजाबरावांच्या शेजारच्या बैलांनी मान वर करून ऐकला. ती पक्की झाली.

पेटी घरी आली तेव्हा जनकाबाईने तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. ओसरी माणसांनी भरली. इंद्रभान मांडी घालून बसला, भाता सोडला आणि पांढऱ्या एकचा सूर धरला. “हं, वयनी.”

जनकाबाईने एक गौळण घेतली. वर्षानुवर्षं म्हटलेली, झोपेतही म्हणता येईल अशी. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीत चाल वर चढली आणि आवाज फाटला. तिला वाटलं, लाजेने होत असेल. पाणी प्यायली. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच फाटला. “दमानं घ्या, खालच्यात घ्या,” इंद्रभान म्हणाला. खालच्यात घेतलं तर शब्द घशातच राहिले. पेटीच्या त्या दणक्यात ओठ हललेले तेवढे दिसले. ओसरीवरची माणसं एकमेकांकडे न पाहण्याचा प्रयत्न करू लागली.

जाऊ शालूबाई म्हणाली, “बाई, वावरातलं गानं वावरातच बरं असते.”

शालूबाईचं बोलणं नेहमीचंच होतं, ते लागलं नाही. लागलं ते इंद्रभानचं, कारण तो मायेने बोलला. “वयात आवाज बसते, वयनी. माह्या मायचाबी बसला होता. जिवाले लावून नका घेऊ.”

जनकाबाई तेव्हा छत्तिसाची होती.

दुसऱ्या दिवशी मळ्यात ती गप्प होती. तिसऱ्या दिवशीही. बायांची तोडणी रेंगाळू लागली. गाणं नाही म्हटल्यावर त्या बोलू लागल्या, आणि बोलताना हात थांबतात. मोतीराम मोटेवरून दोन-तीनदा इकडे बघायचा. विचारायची त्याची रीत नव्हती. त्याने आठवडी बाजारातून ज्येष्ठमध आणलं, खडीसाखर आणली, आणि एका वैद्याकडून काढ्याची पुडी आणली. काढा इतका कडू की शालूबाईने नुसता वास घेऊन तोंड वाकडं केलं. जनकाबाई तो तीन आठवडे निमूटपणे प्यायली. मुळात न झालेल्या दुखण्यावर आमच्या बायकांनी किती काढे प्यायले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

इकडे पेटी एकादशीला देवळात गेली. पहिल्यांदा पंजाबराव विचारून घेऊन गेले. दुसऱ्यांदा निरोप आला. तिसऱ्यांदा निरोपही आला नाही. पेटी देवळातच राहिली होती, आणायची राहून गेली होती. “आपल्या घरी नुस्ती पडूनच तं हाये,” मोतीराम चाचरत म्हणाला. जनकाबाईने चुलीत लाकूड सारलं.

पुढे देवळाला चुना लावायचा निघाला म्हणून पेटी चार दिवस घरी आली. दुपारची वेळ. जनकाबाई ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. घरात कोणी नव्हतं. हात चालू असला की तिच्या तोंडातून आपोआप काहीतरी निघायचंच. इतक्या दिवसांचा धरबंद त्या दुपारी सुटला आणि ती गुणगुणू लागली. आपण गातो आहोत हे लक्षात आलं तेव्हा तिने तो सूर सोडला नाही. तसाच लांबवत ठेवून ती सरकत पेटीपर्यंत गेली, डाव्या हाताने भाता सोडला आणि उजव्या बोटाने एकेक पट्टी दाबू लागली.

पांढरी एक. लांब कुठेतरी. पुढची. नाही. श्वास संपला की पुन्हा घ्यायचा, तोच सूर, आणि पुढची पट्टी. पांढऱ्या संपत आल्या, एकही जुळेना. मग तिने काळ्यांवर बोट ठेवलं, ज्यांना इंद्रभान सहसा हातही लावत नसे. पाचव्या काळीवर तिचा सूर पेटीत असा मिसळला की आपला कुठला आणि पेटीचा कुठला हे तिला कळेना.

ती एकच पट्टी धरून ठेवून तिने ती गौळण पूर्ण म्हटली. आवाज वर गेला, वरती ठरला, आणि न फाटता खाली आला.

ती रडली वगैरे नाही. तिला संताप आला. तीन आठवड्यांच्या काढ्याचा.

तशीच उठून ती इंद्रभानच्या दुकानात गेली. तो कुणाची तरी बंडी बेतत होता.

“इंद्रभानभाऊ, मले काळी पाचवरून वाजवून द्या.”

“काळीवरून कोनी सुरू करते काय, वयनी?”

“मंग त्या कायले बसवल्या? शोभेले?”

“मधी मधी लागते एखादी.”

“मले मधी नाई, सुरुवातीलेच लागते. माहा आवाज तठीच हाये.”

इंद्रभान उठून तिच्या घरी आला, पेटीपुढे बसला, काळी पाच धरली. एक सूर ठीक लागला. चाल सुरू केली तर बोटं एकमेकांत अडकली. पुन्हा केली, तर चौथ्या सुराला भलतंच काही वाजलं. त्याने दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“खरं सांगू काय, वयनी? माह्या गुरूनं मले पांढरी एक तेवढी दाखवली. दुसरीकून येतच नाई मले. सगळं गाव तठीच म्हनते, म्हनून चालून गेलं. कोनाजवळ बोलू नका.”

ती कोणाजवळ बोलली नाही. फक्त नवऱ्याला सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, “उद्या खामगावले जाऊ. पेटी घेऊन.”

“परत कराची? पंजाबराव काय म्हनन?”

“पंजाबरावानं घेतली काय ते? माह्या मिरचीची हाये. मी येतो संगं.”

एसटीच्या टपावर पेटी पोत्यात गुंडाळून चढवली. कंडक्टरने विचारलं, “काय हाये यात?” मोतीराम म्हणाला, “भांडन.” त्याचा विनोद वर्षातून एखादाच असे.

माणिकराव पेटी ओळखून म्हणाले, “काय, बिघाड निघाला?”

“पेटी चांगली हाये,” जनकाबाई म्हणाली. “आमी चुकलो. गानारी मी हावो.”

माणिकरावांनी मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम टांगलेले टाळ मोजू लागला.

“म्हणा पाहू काहीतरी,” माणिकराव म्हणाले.

भर बाजारात, सकाळी अकराला, बाहेर हमालांचा गलका. जनकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “म्हन न. एवढ्यासाठीच तं आलो.” तिने म्हटलं. माणिकरावांनी दुसऱ्या ओळीलाच पट्टीवर बोट ठेवलं. “काळी पाच. बाई, तुमच्या आवाजाला काहीही झालेलं नाही. बायकांचा आवाज याच घरात राहतो. पुरुषांच्या पट्टीत म्हणायला लावलं तर फाटेल नाही तर काय होईल?”

मग त्यांनी काचेच्या कपाटातून कलकत्त्याची पेटी काढली. तिची गंमत अशी की पट्ट्यांचा सगळा फळा डावीउजवीकडे सरकायचा. वाजवणाऱ्याने आपली पांढरी एकच वाजवावी, फळा सरकवला की सूर मात्र काळी पाचचा निघायचा. मोतीरामचा चेहरा उजळला. “झालं तं मंग. इंद्रभानले काई नवं शिकाची गरज नाई. मंडळाचंबी भागते, तुह्यंबी भागते. थोडे वर देऊ लागन ते देऊ.”

मोठी छान वस्तू होती. जनकाबाईने फळा दोनदा सरकवून पाहिला. सगळ्यांचं भागणार होतं, आणि तेच तिला टोचत होतं. इंद्रभान मोकळा असेल तेव्हा आपण गायचं. आणि असली नवलाची पेटी गावात आली की ती बघायला पाच कोसांवरून माणसं येतील. मग ती देवळातून घरी कधी यायची? तिची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे धूळ खात एक लहानशी पेटी होती, एकेरी सुरांची, साध्या लाकडाची.

“ते कोनाची?”

“ती मीच बांधली, एका मास्तरीणबाईंसाठी. त्यांची बदली झाली. घरगुती आहे ती. आवाज दारापर्यंत जाईल, पुढे नाही. भजनात तर ऐकूही यायची नाही.”

“हेच द्या मले.”

“अवं,” मोतीराम कळवळला, “एवढी मोठी देऊन हे एवढीशी?”

“मोठी कोनाच्या घरी होती? आपल्या?”

ती लहान पेटी का मागते आहे ते मोतीरामला हळूहळू उमगलं. तिच्याकडे पाहून त्याने मान हलवली. मग जे काम त्याला येत होतं ते त्याने केलं. खुंट्या बंद केल्या, भाता भरला, शिवणीला गाल लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. “अठून वारा जाते,” त्याने मागचा कोपरा दाखवला.

“शक्यच नाही. माझ्या हातची आहे,” माणिकराव म्हणाले. मग त्यांनीही गाल लावला. मग चामड्याची चकती कापली, सरस लावला, आणि तो वाळेपर्यंत दोघांना चहा पाजला. चहा पिताना त्यांनी जनकाबाईला दोनच गोष्टी सांगितल्या: भाता झटक्याने ओढू नका, आणि सूर शोधताना घाई करू नका.

तिने घाई केली नाही. सगळा पावसाळा त्यात गेला. सा काळीवर, रे आणि ग पांढऱ्यांवर, म पुन्हा काळीवर, त्यापुढच्या तीन पांढऱ्या, आणि मग वरचा सा काळीवर. हे तिने गळ्याने शोधून काढलं, कुणी दाखवलं नाही. बोटं भलत्याच क्रमाने पडत. कुठल्याही उस्तादाने कपाळाला हात लावला असता. मिरच्या खुडलेल्या हातांची आग व्हायची म्हणून ती तेल चोळायची, आणि तेलाच्या बोटांखाली पट्ट्या निसटायच्या. ती पुसून पुन्हा बसायची. मळ्यात पुन्हा गाणं सुरू झालं तेव्हा मोतीरामने मोट थांबवली नाही की वळून पाहिलं नाही; शालूबाईच पुढल्या सरीतून म्हणाली, “लागला काढा एकदाचा.”

पंजाबराव रागावले होतेच. मंडळाची पेटी बाईने विकून खाल्ली, असं ते चावडीवर बोलले. कार्तिकातल्या एकादशीला ते स्वतः दारात आले. बरोबर इंद्रभान.

“जनकाबाई, आज पेटी लागते देवळात.”

“घेऊन जा न,” ती म्हणाली आणि पेटी उचलून स्वतः त्यांच्या हातात दिली. नकार ऐकायच्या तयारीने आलेले पंजाबराव पेटी घेऊन तसेच वळले.

मोतीराम चडफडला. “दिली? अवं, तुले तं—”

“असू द्या. दिवा लावा.”

दिवेलागण होऊन थोडाच वेळ झाला होता. देवळाकडून पखवाज आणि टाळ ऐकू येत होते, पेटी मात्र अजिबात नाही. मग अंगणात पावलं वाजली. इंद्रभान एकटाच, काखेत पेटी.

“दबली, वयनी. टाळ सुरू झाले तशी गायबच झाली. पंजाबराव म्हने, हे पेटी आनली का पानाचा डबा.” त्याने ती जपून ओसरीवर ठेवली. “याले तुमच्याच घरी राहू द्या.”

“बसा,” जनकाबाई म्हणाली. “चहा घेसान?”

“तुमी वाजवता असं लोक म्हनते.”

“हाव.”

ती पेटीपुढे बसली. मोतीराम उंबऱ्यावर टेकला. शालूबाई वाती वळता वळता आतून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. जनकाबाईने भाता सोडला, काळी पाच धरली आणि तीच गौळण घेतली, ओसरीभर माणसांपुढे फाटलेली. इंद्रभानने मांडीवर ताल धरला, पण नजर तिच्या बोटांवर. काळीवरून निघून काळीवरच परतणारं गाणं त्याने कधी पाहिलं नव्हतं. चाल वर चढली तसा तो ताल विसरला.

“हे मले दाखवान काय, वयनी?” तो मध्येच म्हणाला.

तिने मान हलवून त्याला गप्प बसायला सांगितलं. वरची ओळ यायची होती, आणि ती थांबायला तयार नव्हती.